छतावरील वायुवीजन पंखा (कॅम्परव्हॅन)

छतावरील वायुवीजन पंखा हे कॅम्परव्हॅन, कॅराव्हॅन, मोटरहोम यांसारख्या निवासयोग्य वाहनांच्या छतात बसवले जाणारे, बॅटरीवर चालणारे उपकरण आहे. वाहनातील उष्ण, दमट किंवा दूषित हवा बाहेर टाकणे व तिच्या जागी बाहेरची ताजी हवा आत येऊ देणे हे त्याचे मुख्य कार्य होय. घरातील छताला टांगलेला पंखा खोलीतील हवा केवळ ढवळतो. हा पंखा मात्र छताला पाडलेल्या आरपार छिद्रात बसतो आणि हवेची अदलाबदल घडवून आणतो. त्याची बसवणूक हे काम वरवर साधे दिसते. परंतु छताचा पत्रा एकदा कापला की तो पूर्ववत होत नाही, आणि सांधा नीट न बसल्यास गळती, गंज व आतील लाकूडकामाची नासाडी ओढवते. विद्युतजोडणीतील हयगय आगीचे कारण ठरू शकते. त्यामुळे मालवाहू व्हॅनचे निवासी वाहनात रूपांतर करताना या कामाला विशेष महत्त्व दिले जाते.

पार्श्वभूमी

निवासी वाहनांत हवा खेळती ठेवण्याचा प्रश्न जुना आहे. जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून फोक्सवॅगनच्या टाइप २ व्हॅनसाठी निवासाचे साहित्य पुरवण्यास सुरुवात केली. पुढे अशा वाहनांवर वर उचलले जाणारे छत आले आणि त्याच्या कापडी भिंतींतील जाळीदार खिडक्यांतून हवा येऊ लागली. अमेरिकेत ओढून न्यावयाच्या ट्रेलरांच्या छतावर झाकण असलेले चौकोनी झरोके बसवण्याची पद्धत रूढ झाली. या झरोक्यांचे १४ इंच गुणिले १४ इंच, म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटर बाजूचे माप प्रमाण मानले गेले. आजचे बहुतेक छतपंखे याच मापाच्या छिद्रात बसतात. अमेरिकी बनावटीच्या अनेक छतावरील वातानुकूलन यंत्रांनाही हेच छिद्र चालते.

उंच छताच्या युरोपीय धाटणीच्या मालवाहू व्हॅन अमेरिकेत मिळू लागल्यानंतर स्वहस्ते कॅम्परव्हॅन तयार करण्याची प्रथा तेथे वाढली. १९९५ मध्ये युरोपात आलेली मर्सिडीज-बेंझ स्प्रिंटर २००१ पासून अमेरिकेत विकली जाऊ लागली. फियाट ड्युकाटोवर आधारलेली रॅम प्रोमास्टर २०१३ मध्ये व फोर्ड ट्रान्झिट २०१४ मध्ये त्या बाजारात आली. या व्हॅनच्या मालकक्षाला बहुधा खिडक्या नसतात. त्यामुळे त्यांच्या रूपांतरात छतपंखा हा जवळजवळ अनिवार्य घटक ठरला. मॅक्सफॅन आणि फॅन-टॅस्टिक व्हेंट ही या प्रकारच्या पंख्यांची विशेष परिचित नावे आहेत.

गरज

बंद व्हॅन ही आकाराने लहान व धातूने वेढलेली खोली असते. लांब मालकक्षाच्या व्हॅनमध्येही आतील हवेचे घनफळ साधारण १० घनमीटर असते. झोपलेल्या प्रौढ व्यक्तीच्या श्वासातून व त्वचेवाटे दर तासाला सुमारे ४० ग्रॅम पाणी बाष्परूपाने बाहेर पडते. म्हणजे दोन व्यक्ती आठ तास झोपल्यास अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत मिसळते. स्वयंपाकाने त्यात भर पडते. १ किलोग्रॅम प्रोपेन जळाल्यावर सुमारे १.६ किलोग्रॅम पाण्याची वाफ निर्माण होते, म्हणून उघड्या ज्योतीची शेगडी हा बाष्पाचा मोठा स्रोत असतो.

२० अंश सेल्सियस तापमानाच्या १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते, तर ५ अंशांना केवळ ७ ग्रॅमच्या आसपास. आतील उबदार हवा थंड पत्र्याला टेकली की तिच्यातील जादा बाष्पाचे पाणी होते. हे पाणी आतील आच्छादनामागे, उष्णतारोधकाच्या थरात व लाकडी चौकटींत साचते. त्यातून बुरशी व गंज उद्भवतात. ही हानी आच्छादनाआड होत असल्याने बराच काळ लक्षात येत नाही.

उन्हाळ्यात प्रश्न उष्णतेचा असतो. उन्हात उभ्या केलेल्या व्हॅनमधील हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. उष्ण हवा वर छतालगत जमत असल्याने तिला छतातूनच बाहेर काढणे सर्वाधिक परिणामकारक ठरते. मात्र पंखा आतील तापमान बाहेरच्या तापमानाखाली आणू शकत नाही. बाहेर ४० अंश असल्यास त्याचा लाभ वाहत्या हवेमुळे घाम वाळण्यापुरताच असतो.

रचना व प्रकार

छतपंख्याचे चार प्रमुख भाग असतात: छतावर टेकणारी कडा असलेली चौकट, पाती व मोटर, वरचे झाकण आणि आतील बाजूची कीटकरोधक जाळी. झाकण हाताने फिरवायच्या मुठीने किंवा स्वतंत्र मोटरने उघडते. साध्या रचनेत झाकण घुमटासारखे वर उचलले जाते व पाऊस आल्यास ते बंद करावे लागते. काही पंख्यांत पर्जन्यसंवेदक असून थेंब पडताच झाकण आपोआप मिटते. मॅक्सफॅनसारख्या रचनेत झाकणाला छज्जासारखे आवरण जोडलेले असते, त्यामुळे पाऊस सुरू असतानाही पंखा चालवता येतो.

हवा एकाच दिशेने फेकणारे आणि दोन्ही दिशांना फिरणारे असेही पंख्यांचे दोन वर्ग पडतात. दुसऱ्या वर्गातील पंखा हवा बाहेर टाकू शकतो, तसेच आतही खेचू शकतो. वेगाचे टप्पे, ठरावीक तापमानाला पंखा सुरू करणारा तापनियंत्रक व दूरनियंत्रक या सोयी महागड्या प्रतिरूपांत आढळतात.

मोठ्या छतपंख्यांची कमाल क्षमता मिनिटाला सुमारे ९०० घनफूट, म्हणजे २५ घनमीटर इतकी सांगितली जाते. १० घनमीटरच्या व्हॅनमधील सर्व हवा या गतीने अर्ध्या मिनिटाच्या आत बदलली जावी. प्रत्यक्षात जाळीचा व हवा आत येण्याच्या मार्गाचा अडथळा असल्याने प्रवाह यापेक्षा कमी राहतो. हिवाळ्यात मात्र एवढ्या प्रवाहाची गरजच नसते. आतील हवेत प्रति घनमीटर ९ ग्रॅम व बाहेरील हवेत ५.४ ग्रॅम बाष्प आहे असे धरल्यास, दोन निद्रिस्त व्यक्तींचे तासाचे ८० ग्रॅम बाष्प बाहेर नेण्यास तासाला सुमारे २२ घनमीटर हवा पुरते. म्हणून थंडीच्या रात्री सर्वात कमी वेग पुरेसा ठरतो व आतील ऊबही फारशी वाया जात नाही.

जागेची निवड

पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढीच हवा कोठून तरी आत आली पाहिजे. सर्व खिडक्या व दारे बंद असल्यास पंखा आवाज करतो, पण हवा फारशी बदलत नाही. म्हणून पंखा आणि हवा आत येण्याची वाट वाहनाच्या विरुद्ध टोकांना ठेवणे इष्ट समजले जाते. पंखा मागे बिछान्याच्या वर असल्यास पुढच्या दारांच्या काचा किंचित खाली केल्या जातात. अशा वेळी वाऱ्याची झुळूक संपूर्ण व्हॅनमधून वाहते. पंखा स्वयंपाकाच्या ओट्याजवळ असल्यास वाफ व वास उगमापाशीच खेचले जातात. दोन पंखे बसवल्यास एकाने हवा आत घेऊन दुसऱ्याने बाहेर टाकता येते.

जागा ठरवताना छताच्या आतील आडव्या पोलादी फासळ्यांचा विचार प्रथम करावा लागतो. या फासळ्या छताला मजबुती देतात, म्हणून छिद्र दोन फासळ्यांच्या मधल्या भागात घेतले जाते. आतील आच्छादनामागे दिव्यांच्या वायरी व काही वाहनांत पडदा-एअरबॅग असतात, त्यांची खात्री आधीच करून घ्यावी लागते. छतावर सौर पॅनेल बसवायचे असल्यास उघड्या झाकणाची सावली त्यावर पडणार नाही हे पाहिले जाते. पंख्यामुळे वाहनाची एकूण उंचीही वाढते. पूल, बोगदे व वाहनतळांवरील उंचीरोधक यांच्या दृष्टीने नवी उंची मोजून चालकासमोर लिहून ठेवण्याची पद्धत आहे.

छत कापणे

काम कोरड्या दिवशी व सपाट जागी केले जाते. छत कापण्यापूर्वीच पंखा बॅटरीला जोडून जमिनीवर चालवून पाहणे हिताचे असते, कारण सदोष पंखा चिकटवल्यानंतर काढणे फार कष्टाचे होते. त्यानंतर वाहनाच्या बॅटरीची ऋण जोडणी सोडवली जाते.

आतून निश्चित केलेल्या मध्यबिंदूवर लहान भोक पाडून ते वरच्या बाजूला आणले जाते व तेथून चौकोन आखला जातो. चौकोनाचे माप कागदावरून न घेता पंख्याच्या प्रत्यक्ष चौकटीवरून पडताळले जाते. रेषेच्या बाहेरील रंगावर ओरखडे उठू नयेत म्हणून चिकटपट्टी लावली जाते. चारही कोपऱ्यांत मोठी भोके पाडली की त्यांतून धातू कापण्याचे पाते लावलेली जिगसॉ आत घालता येते. गोलसर कोपऱ्यांमुळे पत्र्याला चीर जाण्याचा धोकाही कमी होतो. कापलेला तुकडा अखेरीस खाली पडू नये म्हणून त्याला आतून आधार दिला जातो. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे व कानांना संरक्षण आवश्यक असते. छताच्या मध्यभागी उभे राहिल्यास पत्रा दबतो, म्हणून शिडी किंवा आडवी फळी वापरली जाते.

कापताना उडणारा पोलादाचा कीस हा दुर्लक्षिला जाणारा शत्रू होय. हे कण छतावर किंवा खाचांत राहिल्यास पहिल्या पावसातच गंजतात आणि रंगावर तांबूस डाग पडतात. त्यासाठी आत कापड वा पिशवी बांधली जाते व काम झाल्यावर चुंबकाने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने सर्व कीस गोळा केला जातो. कापलेल्या कडेवर पत्र्याचे गंजरोधक जस्तलेपन उरलेले नसते. म्हणून कड कानसीने गुळगुळीत करून तिला गंजरोधक प्राथमिक लेप व त्यावर रंग दिला जातो. हे थर पूर्ण वाळल्यावरच पुढील काम करता येते.

जलरोधन

बहुतेक व्हॅनचे छत सपाट नसते. त्याला किंचित बाक असतो आणि मजबुतीसाठी लांबीच्या दिशेने उंचसखल पन्हाळी असतात. सपाट चौकट अशा पृष्ठावर ठेवल्यास खाली फटी राहतात. त्या भरण्यासाठी विशिष्ट वाहनाच्या पन्हाळीनुसार घडवलेली प्लॅस्टिकची जोडचौकट मिळते. अन्यथा ब्यूटाइल टेपचे अधिक थर देऊन खोलगट भाग भरले जातात.

जलरोधनात दोन पदार्थ दोन वेगळी कामे करतात. चौकटीच्या कडेखाली दाबली जाणारी ब्यूटाइल टेप कधीच पूर्ण घट्ट होत नाही, त्यामुळे वाहनाच्या कंपनातही ती सांधा सोडत नाही. चौकट बसवल्यावर तिच्या कडा व स्क्रूंची डोकी यांवर आपोआप समतल पसरणारे सिलंट ओतले जाते. हा थर टेपचे ऊन-पावसापासून रक्षण करतो. सिलिकॉनचा वापर येथे सहसा टाळला जातो, कारण त्याचा अंश राहिलेल्या जागी पुढे रंग किंवा दुसरे सिलंट धरत नाही. लावण्यापूर्वी पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढला जातो.

छताचा पत्रा सुमारे १ मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असल्याने त्यात स्क्रूची पकड टिकत नाही. म्हणून आतून लाकडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट ठेवून पत्रा तिच्या व पंख्याच्या चौकटीच्या मध्ये आवळला जातो. स्क्रू गंजरोधक पोलादाचे असतात. ते समोरासमोर थोडे थोडे आवळल्याने दाब सारखा पडतो. अति आवळल्यास प्लॅस्टिकची कड तडकते व टेप पूर्णपणे बाहेर पिळली जाते. सिलंट वाळल्यावर छतावर पाणी सोडून आतून गळतीची तपासणी केली जाते. आतील आच्छादन या चाचणीनंतरच बसवले जाते.

विद्युतजोडणी

बहुतेक छतपंखे १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालतात. ते इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीला न जोडता निवासासाठीच्या स्वतंत्र बॅटरीला जोडले जातात, जेणेकरून रात्रभर पंखा चालल्यावरही सकाळी वाहन सुरू होईल. मंडलाचा क्रम साधारणपणे असा असतो: बॅटरीचे धन टोक, मुख्य फ्यूज, फ्यूजपेटी, पंख्याचा स्वतंत्र फ्यूज, धन वायर, पंखा आणि तेथून ऋण वायरीने परत ऋण पट्टी.

फ्यूजचे काम पंख्यापेक्षाही वायरीचे रक्षण करणे हे आहे. वायर कोठे घासून वाहनाच्या धातूच्या सांगाड्याला टेकली तर बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो व वायर पेट घेऊ शकते. म्हणून फ्यूज वायरीच्या बॅटरीकडील टोकाला असणे आवश्यक ठरते. पंख्याजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला संरक्षण देत नाही. फ्यूजची क्षमता कमाल प्रवाहाहून थोडी अधिक, परंतु वायरीच्या वहनक्षमतेहून कमी ठेवली जाते. ३ अँपिअर घेणाऱ्या पंख्याला साधारणतः ५ अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. निर्मात्याने वेगळा आकडा दिला असल्यास तो प्रमाण मानला जातो.

वायरीची जाडी ठरवताना व्होल्टेजची घट पाहिली जाते. तांब्याची रोधकता ०.०१७२ ओहम-चौरस मिलिमीटर प्रतिमीटर आहे. पंखा बॅटरीपासून ६ मीटर दूर असल्यास जाऊन-येऊन १२ मीटर वायर लागते. २.५ चौरस मिलिमीटर वायरीचा रोध ०.०८३ ओहम भरतो व ३ अँपिअरला ०.२५ व्होल्ट, म्हणजे सुमारे २ टक्के घट होते. १ चौरस मिलिमीटर वायरीत हीच घट ०.६२ व्होल्ट, म्हणजे ५ टक्क्यांहून अधिक होते. घट ३ टक्क्यांच्या आत असावी असा संकेत असल्याने पहिली वायर निवडली जाते.

वाहनात सतत कंपन असल्यामुळे एकसंध तारेऐवजी अनेक बारीक तारांची लवचीक वायर वापरली जाते आणि जोड क्रिंप करून दाबले जातात. पत्र्यातील भोकातून वायर नेताना रबरी कडे घातले जाते. रंगांबाबत विशेष सावधगिरी लागते. मोटारींमध्ये काळी वायर बहुधा ऋण असते, परंतु अमेरिकी ट्रेलरांच्या परंपरेत काळी वायर धन व पांढरी ऋण असू शकते. उलट जोडणीने साधी मोटर उलटी फिरते, तर इलेक्ट्रॉनिक नियंत्रक निकामी होऊ शकतो. त्यामुळे माहितीपत्रक व मल्टिमीटर यांनी खात्री करूनच जोड दिला जातो.

पंखा सौर पॅनेलला थेट जोडला जात नाही. १२ व्होल्टच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅनेलचे खुले व्होल्टेज २० व्होल्टच्या आसपास असते. पॅनेल, प्रभार नियंत्रक, बॅटरी व मग पंखा हा क्रम पाळला जातो. २४ व्होल्टची निवासी बॅटरी असल्यास व्होल्टेज उतरवणारा परिवर्तक मध्ये घालावा लागतो.

ऊर्जेचा हिशेब

पंख्याचा वेग व विजेचा खर्च यांचा संबंध सरळ प्रमाणात नसतो; वेग वाढला की खर्च झपाट्याने वाढतो. कमी वेगाला ०.२ अँपिअर घेणारा पंखा आठ तासांत १.६ अँपिअर-तास वापरतो, तर पूर्ण वेगाला २.५ अँपिअर घेणारा तोच पंखा २० अँपिअर-तास वापरतो. १०० अँपिअर-तासाच्या शिसे-आम्ल बॅटरीतून तिच्या आयुष्याच्या दृष्टीने निम्मी क्षमताच वापरणे श्रेयस्कर समजले जाते. या हिशेबाने पूर्ण वेगाच्या दोन-अडीच रात्रींत ती उतरते, पण कमी वेगाला तीच बॅटरी कित्येक आठवड्यांच्या रात्री पुरेल. छतावरील वातानुकूलन यंत्राला हजार वॅटच्या आसपास वीज लागत असल्याने बॅटरीवर राहणाऱ्या प्रवाशांची भिस्त मुख्यतः पंख्यावर असते.

सुरक्षितता

छतपंखा कार्बन मोनॉक्साइडपासून संरक्षण देतो हा समज धोकादायक आहे. खिडक्या बंद ठेवून पंख्याने हवा बाहेर टाकल्यास आतील दाब घटतो. अशा वेळी आतील हवेवर जळणाऱ्या हीटरचा किंवा शेगडीचा धूर बाहेर जाण्याऐवजी आत ओढला जाऊ शकतो. जवळ उभ्या असलेल्या वाहनाचा किंवा जनित्राचा धूरही फटींतून आत येऊ शकतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने झोपेतील व्यक्तीला त्याची चाहूल लागत नाही. त्यामुळे पंखा सुरू करण्यापूर्वी खिडकी उघडणे, पेटते उपकरण सुरू ठेवून न झोपणे आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर बसवणे हे तीन नियम एकत्र पाळले जातात.

वाहन वेगात असताना घुमटाकार झाकण उघडे राहिल्यास वाऱ्याने तुटू शकते, म्हणून निघण्यापूर्वी ते बंद केले जाते. कुलूपबंद वाहनात मूल किंवा पाळीव प्राणी ठेवून केवळ पंख्यावर विसंबणेही घातक आहे. फ्यूज उडाला वा बॅटरी उतरली की तापमान थोड्याच वेळात जीवघेणे होते.

देखभाल

जाळीवर साचलेली धूळ व तेलकट थर हवेचा प्रवाह घटवतात, म्हणून ती अधूनमधून साबणाच्या पाण्याने धुतली जाते. छतावरील सिलंटची वर्षातून किमान एकदा पाहणी केली जाते. त्याला भेगा पडल्यास किंवा कडा सुटल्यास तो भाग स्वच्छ करून नवा थर दिला जातो. उन्हाने ठिसूळ झालेले झाकण स्वतंत्रपणे बदलता येते. पंखा अचानक बंद पडल्यास प्रथम फ्यूज, मग जोड आणि शेवटी मोटर या क्रमाने तपासणी केली जाते. नवा फ्यूजही लगेच उडाल्यास अधिक क्षमतेचा फ्यूज न घालता वायर कोठे घासली आहे ते शोधणे आवश्यक असते.

भारतातील स्थिती

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्यामुळे छत कापण्यासारखा बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे आवश्यक ठरते. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र वाहन मानक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले.

हवामानाचा फरकही लक्षणीय आहे. थंड देशांत बाहेरची हिवाळी हवा कोरडी असल्याने पंख्याने आतील ओल हटते. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मात्र बाहेरचीच हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. तेथे पंखा हवा खेळती ठेवतो व वास घालवतो, पण ओल वाळवू शकत नाही. घाटमाथ्यावरील हिवाळी रात्री व विदर्भ-मराठवाड्यातील कोरडा उन्हाळा यांत त्याची उपयुक्तता अधिक प्रकर्षाने दिसते.

हे सुद्धा पहा

वायुवीजन
संघनन
सापेक्ष आर्द्रता
फ्यूज
कॅराव्हॅन
कार्बन मोनॉक्साइड विषबाधा